रविवार सकाळी दहाचा इंटरफिअरन्स

रविवार, २४ मार्च. दुपारी.

आजपासून रोजनिशी. वही जानेवारीतच आणली होती, पण जानेवारीत काय, सगळेच लिहितात.

संकल्प. एक: वजन. दर रविवारी सकाळी दहाला गॅरेजमध्ये ट्रेडमिल. दोन: यंदा आयपीएल बंद. बायकोला, विनीताला, तसं जाहीर सांगून टाकलं. ती म्हणाली, मागच्या वर्षीही सांगितलं होतंस. मागच्या वर्षी मनापासून सांगितलं नव्हतं. तीन: स्वतःचा व्यवसाय, 'रामटेके वाय-फाय क्लिनिक'. लोकांच्या घरी जायचं, इंटरनेटची नाडी बघायची, रोग काढायचा. मी अ‍ॅशबर्नच्या डेटा सेंटरमध्ये आहे, इथे अमेरिकेत. अर्ध्या जगाचं इंटरनेट आमच्या बिल्डिंगमधून जातं, म्हणजे तसं बघितलं तर माझ्याच हाताखालून. विनीता म्हणते, तू तिथे एसीची कंत्राटं बघतोस. एसी बंद पडला तर इंटरनेट कुठे राहील, हे तिला समजत नाही.

दुसऱ्या संकल्पाचा खुलासा, फक्त स्वतःसाठी. आयपीएल बंद म्हणजे सोफ्यावर लोळून, चिवडा खात आयपीएल बंद. ट्रेडमिलवर माणसाच्या डोळ्यांसमोर काहीतरी हलतं लागतं, हे शास्त्र आहे. त्यासाठी आज सकाळीच माझी जुनी डबी काढली. वरच्या हॉलमधल्या टीव्हीमागे तिचं एक पिल्लू लावायचं, दुसरं खाली गॅरेजमधल्या जुन्या टीव्हीला. वरच्या टीव्हीचा पडदा बंद असला तरी मॅच वायरशिवाय, हवेतून खाली येते. शिकागोला होतो तेव्हा डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी बाजारात घेतली होती, दुकानदाराने साड्यांच्या गठ्ठ्यामागून काढून दिली. आजकालच्या नाजूक वस्तूंसारखी ती दुसऱ्याला वाट देत बसत नाही. चालू केली की हवेत तिचंच राज्य.

गॅरेजमध्ये प्लग एकच आहे. तो तूर्त टीव्हीला दिलाय. ट्रेडमिलच्या पट्ट्यावर खुर्ची ठेवली. पुढच्या आठवड्यापासून खुर्ची काढायची.

सोमवार, २५ मार्च. संध्याकाळी.

पहिलं गिऱ्हाईक. शेजारच्या शोभना काकू खोब्रागडे. भिंतीला भिंत लागून घर, आमचं गॅरेज आणि त्यांची बसायची खोली यांत एकच भिंत. मुलगी प्रीता नर्स आहे, शनिवार-रविवार तिची ड्युटी असते, त्यामुळे काकू एकट्या.

तक्रार: दर रविवारी सकाळी दहाला आपल्या मंडळाची ऑनलाइन बुद्धवंदना असते. इथले दहा म्हणजे नागपूरचे संध्याकाळचे साडेसात, म्हणून तिकडची मंडळीही येतात. काल बरोबर त्याच वेळी काकूंचं इंटरनेट मेलं. आठवडाभर ठणठणीत. आधी असं कधी झालं नव्हतं म्हणतात.

प्रकरण महत्त्वाचं आहे. यंदा १४ एप्रिल रविवारी आलाय. जयंतीच्या ऑनलाइन कार्यक्रमात काकूंचं भाषण आहे. नागपुरात त्यांच्या थोरल्या बहिणीचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, त्या पलंगावरून उठू शकत नाहीत. या बहिणीने स्वतःची शाळा सोडून काकूंना शिकवलं. काकू पुढे शाळेत शिक्षिका झाल्या, किती जयंत्यांना बोलल्या, पण मोठ्या ताई प्रत्येक वेळी मांडवामागे भात शिजवत होत्या. एकदाही भाषण ऐकलं नाही. यंदा पहिल्यांदाच त्या नुसत्या ऐकणार आहेत. सांगताना काकूंनी चष्मा पुसला. मीही पुसला, माझा खरंच मळला होता.

मी मंडळाच्या तांत्रिक समितीचा प्रमुख आहे. समितीत मीच आहे. आभारही मलाच मानायचे आहेत. काकूंना म्हटलं, तुम्ही भाषणाकडे बघा, हवेकडे मी बघतो.

लहरी म्हणजे काय, ते त्यांना पातेल्यातल्या पाण्यात बोट बुडवून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या विज्ञान शिकवायच्या, पण तेव्हाचं विज्ञान वेगळं.

निदान: मायक्रोवेव्ह. दहाच्या सुमारास काकू चहा गरम करत असणार. त्या म्हणाल्या, मी चहा गॅसवरच करते. माणसं अशा वेळी लपवतात. मायक्रोवेव्हची वायर काढून ठेवली. लगेच व्हिडिओ कॉल लावून बघितला, चित्र आरशासारखं. रोग बरा.

फी म्हणून गोळाभात. वर तेल. तीनदा घेतला. आज संकल्प लागू नव्हता, आज सोमवार.

रविवार, ३१ मार्च. दुपारी.

मनस्ताप.

दहाला गॅरेजमध्ये गेलो. फोनवरून वंदनेत हजेरी लावली, कॅमेरा बंद, आवाज बंद. तांत्रिक प्रमुखाने मागे राहूनच लक्ष ठेवायचं असतं. डबी चालू केली, मॅच सुरू झाली आणि चित्रात आडव्या पांढऱ्या रेघा सुरू झाल्या. बॉलर धावत येतो, पण बॉल रेघेत हरवतो. बरोबर दहा वाजता. शेजारीपाजारी काहीतरी बेकायदेशीर वापरतंय. माणसाला रविवारचे दोन तास शांतपणे व्यायाम करू द्यायचा नाही, असं या लोकांनी ठरवलंय.

वर जाऊन डबी कपाटावर उंच ठेवली, तिचा कान गॅरेजच्या भिंतीकडे वळवला. चित्र सुधारलं. इंजिनीअर आहे म्हणून जमलं.

दरम्यान काकूंचे बरेच फोन येऊन गेले. त्यांचं चित्र तोंड अर्धवट उघडं असताना गोठलं, आणि सगळी वंदना होईपर्यंत तसंच राहिलं. मोठ्या ताईंनी घाबरून नर्सला बोलावलं, बहिणीला काय झालं बघा म्हणून.

म्हणजे मायक्रोवेव्ह नव्हता. मी तेव्हाच 'बहुतेक' म्हटलं होतं.

आपल्या घरी विनीता वरच्या खोलीतून वंदनेला होती, तिला काडीचा त्रास नाही. तिचा लॅपटॉप नवीन, वाय-फायच्या लहरींच्या नव्या पट्ट्यावर चालतो. काकूंचा लॅपटॉप जुना, तो बिचारा जुन्याच पट्ट्यावर चालतो. माझी डबीसुद्धा त्याच जुन्या पट्ट्यावर चालते, पण तिला रेघांपलीकडे काही होत नाही. क्वालिटी.

मंगळवार, २ एप्रिल.

दुसरी भेट. आज घराची कसून तपासणी.

राउटर सापडला. फ्रिजवर, डाळ-तांदळाच्या स्टीलच्या डब्यांच्या मधोमध, वर क्रोशाचा रुमाल. नागपूरहून आणलेले डबे, ज्वारीच्या पिठाचा तर बादलीएवढा. स्टीलच्या तटबंदीत राउटर बसवायचा आणि इंटरनेट बाहेर यावं म्हणायचं. शिवाय गॅसमागच्या भिंतीला ॲल्युमिनियम फॉइल, तेल उडू नये म्हणून. आपल्या प्रत्येक मराठी घरात हे आहे. आपल्याही घरी आहे, पण आपल्या घरी मी आहे.

सगळे डबे काकूंच्या गॅरेजमध्ये हलवले. फॉइल उपटली, थोडा रंगही निघाला. कोपऱ्यातली पितळेची बुद्धमूर्ती हलवू का म्हटलं, तर काकू म्हणाल्या, ती राहू द्या अनुपभाऊ, तिच्याने कोणाला कधी त्रास झाला नाही. बाबासाहेबांची तसबीर मोठ्या धातूच्या चौकटीत आहे, तिच्याकडे मी फक्त बघितलं. काकूंनीही माझ्याकडे बघितलं. विषय सोडला.

प्रीता ड्युटीवरून आली होती. म्हणाली, आपण सरळ राउटरपासून लॅपटॉपला केबल लावू या का. तिला समजावलं की केबल म्हणजे पराभव. रोग शोधायचा सोडून रोग्याला उचलून दुसऱ्या खाटेवर टाकायचं.

काकूंनी मधेच विचारलं, तुमच्याकडे रविवारी मॅच चालू असते काय हो? आश्चर्य वाटलं. या वयात क्रिकेटची आवड. हळूच सांगितलं, असते, पण विनीताला बोलू नका, आणि रविवारचा स्कोअरही सांगितला. शेवटच्या ओव्हरचं वर्णन केलं. काकू हं हं म्हणत राहिल्या. मग म्हणाल्या, भिंतीतून ऐकू येते थोडी. म्हटलं, आवाज कमी ठेवीन. चांगल्या शेजाऱ्याचं कर्तव्य.

फी: पाटोडीची रस्सेदार भाजी. तर्री बोटभर. घरी येऊन सॅलड खाल्लं, म्हणजे विनीताने वाढलं.

शनिवार, ६ एप्रिल.

काकूंकडे पूर्ण चाचणी. राउटर खिडकीत, डबे गॅरेजमध्ये, मायक्रोवेव्ह बंद. शिकागोच्या जुन्या मित्राला व्हिडिओ कॉल लावला. लख्ख. काकूंनी भाषणाचा पहिला परिच्छेद वाचून दाखवला. बहिणीने चुलीच्या उजेडात पाढे कसे पाठ करून घेतले, त्याचा. चांगला आहे. थोडा माझ्याबद्दलही उल्लेख हवा होता, पण ते शेवटी असेल.

पिठाचा डबा गॅरेजमधून आणायला काकूंना दोन फेऱ्या कराव्या लागतात. प्रगतीसाठी थोडं सोसावं लागतं, असं त्यांना सांगितलं.

घरी मुलीला, आन्याला, सगळं सांगितलं. तिने मोबाइलमधून डोकंही वर काढलं नाही. म्हणाली, इट्स ओन्ली संडे ॲट टेन, राइट? सो व्हॉट डू यू डू ऑन संडे ॲट टेन? म्हटलं, व्यायाम. ती हसली. मुलांना इथे तर्कशास्त्र नीट शिकवत नाहीत.

रविवार, ७ एप्रिल.

पुन्हा मेलं. बरोबर दहाला.

आज मात्र मी तयारीत होतो. ऑनलाइन एक मीटर मागवलाय, हवेत कुठे किती गोंगाट आहे ते काट्यावर दाखवतो. मॅचमध्ये मधली सुट्टी झाली तशी तसाच बाहेर पडलो. काकूंच्या दारापाशी काटा निम्म्यावर. समोरच्या घराकडे गेलो, काटा पडला. कोपऱ्यावर, जिथे त्या नव्या जोडप्याने बाळासाठी कॅमेरा लावलाय, तिथे जेमतेम हलला. परत फिरलो तर काटा चढत चढत गेला आणि आमच्याच गॅरेजपाशी जाऊन टोकाला चिकटला.

अंगावर काटा आला. याचा अर्थ सर्वात मोठा हल्ला आमच्याच घरावर होतोय. आणि मी इतके दिवस काकूंचीच काळजी करत बसलो.

विचार करत खुर्चीवर बसलो. तेवढ्यात दोन विकेट गेल्या.

संशय विमानतळावर. रडार असणार. रविवारी त्यांची चाचणी असेल दहाला. त्यांना सविस्तर ईमेल लिहिली. सही करताना खाली पदनाम घातलं: प्रमुख, तांत्रिक समिती.

काकूंचा आज फोन आला नाही. मेसेज आला. मोठ्या ताई म्हणाल्या म्हणे, राहू दे गं, तुझा आवाज ऐकू येत नाही तर फोटोच बघत बसते. वाचून वाईट वाटलं. खरंच वाटलं. जेवण गेलं नाही, एका पोळीनंतर.

बुधवार, १० एप्रिल.

विमानतळाचं उत्तर. आमच्या संकेतस्थळाला भेट दिल्याबद्दल धन्यवाद, पार्किंगविषयीच्या सूचना खाली. म्हणजे टाळताहेत.

कोपऱ्यावरच्या जोडप्याला भेटलो. रविवारी सकाळी बाळाचा कॅमेरा बंद ठेवाल का, राष्ट्रीय महत्त्वाचा कार्यक्रम आहे, असं विचारलं. त्यांनी हो म्हणून दार लावलं. आतून कडीही लावली.

विनीता म्हणते, वजन वाढलंय. ट्रेडमिलने आधी स्नायू वाढतात.

गुरुवार, ११ एप्रिल.

निर्णय झाला. असे निर्णय मलाच सुचतात.

काकूंनी भाषण आमच्या हॉलमधून द्यायचं. माझं घर, माझं नेटवर्क, माझ्या देखरेखीखाली. रोग्याला थेट डॉक्टरच्या घरी आणायचं. प्रीताला हे सांगितलं तर ती म्हणाली, परवा तुम्ही म्हणालात की रोग्याला खाटेवरून हलवायचं नाही. म्हटलं, ती खाट होती, हे हॉस्पिटल आहे.

काकू संकोचल्या. तुम्हाला त्रास, म्हणाल्या. एवढं करून राहिले तुम्ही माझ्यासाठी, वरून अजून घरात गर्दी. पण तयार झाल्या. लॅपटॉप स्वतःचाच आणणार, भाषण त्यात मोठ्या अक्षरांत आहे. मूर्ती आणि तसबीरही आणणार.

जाताना दारात थांबून पुन्हा विचारलं, या रविवारीही मॅच आहे काय हो? म्हटलं, आहे ना, मुंबईची आहे, मोठी मॅच. त्या म्हणाल्या, असं. मग म्हणाल्या, ती तुम्ही गॅरेजमध्येच बघणार? म्हटलं, छे, त्या दिवशी सगळं बंद, त्या दिवशी मी तुमच्या शेजारी उभा. त्यांना फार बरं वाटलेलं दिसलं. क्रिकेटवेड्या असूनही त्यांनी कार्यक्रम वर ठेवला, कौतुक आहे.

फी: सांबारवडी. आमच्याकडे कोथिंबीर म्हणतात त्याला त्या अजून सांबारच म्हणतात. आठ-नऊ झाल्या.

शनिवार, १३ एप्रिल. संध्याकाळी.

रंगीत तालीम. आमचा हॉल. टीव्हीसमोर टेबल, टेबलावर पांढरी चादर, मागे तसबीर, मूर्ती, निळी फुलं. काकू समोर बसल्या. चित्र असं की केस न् केस दिसावा. कॅमेरा जरा मागे घेऊन मोठी चौकट ठेवली, म्हणजे मागचा जिनासुद्धा येतो. भारदस्त वाटतं.

मोठ्या ताईंना व्हिडिओ कॉल लावून दिला. शब्द न् शब्द ऐकू आला त्यांना. दोघी बहिणी नुसत्या एकमेकींकडे बघत राहिल्या. मग मोठ्या ताई म्हणाल्या, तू बारीक झालीस. विनीता आत निघून गेली, ती अशी पटकन रडते.

उद्याचे संकल्प. एक: मॅच नाही. दोन: दहापासून काकूंच्या शेजारी. तीन: पांढरा कुर्ता-पायजमा इस्त्री करून गॅरेजच्या खुंटीला टांगला. गॅरेजच्या, कारण हॉलमध्ये चुरगळेल.

रविवार, १४ एप्रिल. सकाळी पावणेनऊ.

जय भीम. आंघोळ झाली, पंचशील झालं. आज मोठा दिवस आहे. मन शांत.

सव्वानऊ.

हॉलमध्ये फार गर्दी. विनीता, आन्या, काकू. आन्या स्लाइड लावणार. मी मध्ये उभा राहिलो तर कॅमेऱ्यात माझा खांदा येतो. प्रमुखाने स्वतः दिसायचं नसतं. खालून, गॅरेजमधून सगळ्यावर लक्ष ठेवीन. तिथे भिंतीवर मीटरही आहे.

पावणेदहा.

खाली आलो. मुंबईने टॉस जिंकला की हरला, एवढंच बघायचं आहे. डबी वरून येताना चालू करून आलो, काल टेबल मांडताना कपाटावरून पुन्हा टीव्हीमागे ठेवली होती, म्हणून कुणाला दिसलं नाही. घामाने कुर्ता खराब होऊ नये म्हणून बनियन आणि हाफ पँटवर बसलोय.

दहा दहा.

वंदना सुरू. चित्रात रेघा. मीटर टोकाला. हल्ला सुरू झालाय, अगदी मी म्हणालो होतो तसा.

साडेदहा.

विनीताचा मेसेज, काकूंचं चित्र गोठतंय. 'धीर धरा, मी काम करतोय' असं उत्तर पाठवलं. आन्याचा मेसेज: डॅड, व्हेअर आर यू? मुंबईची सुरुवात वाईट आहे.

अकरा वीस.

काकूंचं नाव पुकारलं. त्यांचा आवाज तुटतोय. पहिला परिच्छेद, चुलीचा. 'बहिणीने' एवढं ऐकू आलं, मग काही नाही, मग 'पाढे'. चॅटमध्ये नागपूरची मंडळी लिहिताहेत, आवाज नाही, आवाज नाही. मीही लिहिलं, आवाज नाही, म्हणजे त्यांना एकटं वाटू नये.

डावाच्या शेवटच्या दोन ओव्हर राहिल्यात. त्या झाल्या की वर जाऊन बघतोच.

त्याच दिवशी. संध्याकाळी.

लिहिणं भाग आहे. पुढे लोक वेगळं सांगतील.

शेवटची ओव्हर. दुसरा बॉल हवेत उंच. खाली दोन फील्डर. आणि टीव्ही पांढरा झाला. नुसती खसखस.

इथे माझी एकच चूक झाली. मी विचार न करता जिना चढलो. हॉलमध्ये पाऊल टाकलं तेव्हा तोंडातून जे निघालं ते असं होतं: माझ्या डबीला कोणी हात लावला, शेवटची ओव्हर चालू आहे इथे.

मग बघितलं. काकू टेबलाशी बसलेल्या, पांढरी साडी, हातात डबीची वायर. प्लग काढलेला. विनीताने नंतर सांगितलं, काकूंनी बोलता बोलता टीव्हीमागे लाल दिवा बघितला, हा कशाचा म्हणून विचारलं, विनीता म्हणाली, अनुपचं काहीतरी जुनं असेल. काकूंनी वाकून प्लग ओढला. त्याच क्षणी त्यांचं चित्र जिवंत झालं. त्याच क्षणी मी आलो.

चौकट मोठी ठेवली होती. मागचा जिना पूर्ण येत होता. बनियन, हाफ पँट, चपला, सगळं येत होतं. आवाजही, नागपूरच्या एका काकांच्या म्हणण्याप्रमाणे, अगदी खणखणीत.

मग लॅपटॉपमधून कोणाचं तरी हसू आलं. म्हातारं, खोकत खोकत, थांबेना. मोठ्या ताई. पलंगावर पडल्या पडल्या, उशीत तोंड खुपसून हसत होत्या. नर्स म्हणत होती, हळू, टाके आहेत. ताईंनी विचारलं, शोभा, हे कोण गं?

काकू म्हणाल्या, हे आमचे इंटरनेटवाले.

मग त्यांनी वायर बाजूला ठेवली, चष्मा सारखा केला आणि भाषण पहिल्यापासून सुरू केलं. चुलीपासून. एकदाही अडलं नाही. शेवटपर्यंत एकेक शब्द गेला. मोठ्या ताई आता रडत होत्या, नर्सही. मी जिन्याच्या पाचव्या पायरीवर बसून ऐकलं, तिथे कॅमेरा पोचत नाही. कुर्ता गॅरेजमध्येच राहिला होता.

आभार विनीताने मानले. माझं नाव घेतलं नाही, तेही आभारासारखंच वाटलं.

सोमवार, १५ एप्रिल.

शांतपणे विचार केला. निष्कर्ष: दोष काकूंच्या घरात नव्हताच. रडार किंवा बाळाच्या कॅमेऱ्यातही नव्हता. म्हणजे काकूंचं घर निर्दोष आहे हे माझ्याच तपासणीतून सिद्ध झालं. क्लिनिकच्या दृष्टीने हे यशच म्हणायला हवं.

संध्याकाळी काकू आल्या. मला वाटलं, बोलतील. डबा घेऊन आल्या होत्या, गोळाभात. मग त्यांच्या घरी जाऊन मी त्यांचे स्टीलचे डबे गॅरेजमधून आणून फ्रिजवर लावून दिले, राउटरच्या भोवती, होते तसे. फॉइलही नवी लावली. राउटर सगळ्याच्या मधोमध, वर क्रोशाचा रुमाल. इंटरनेट फक्कड चालतंय.

निघताना विचारलं, काकू, तुम्हाला आधी शंका आली होती का? म्हणाल्या, दुसऱ्या रविवारीच आली. भिंतीतून कॉमेंट्री सुरू झाली की माझं बंद पडायचं, कॉमेंट्री थांबली की सुरू. मग सांगितलं का नाही, म्हटलं.

त्या म्हणाल्या, तुम्ही एवढे मनापासून करत होते, तोंडावर कसं म्हणू? पण विचारलं ना मी तुम्हाला. दोनदा विचारलं, मॅच चालू असते काय म्हणून. तुम्ही पहिल्यांदा स्कोअर सांगितला, दुसऱ्यांदा टीम सांगितली.

गोळाभात खाल्ला नाही. म्हणजे रात्री खाल्ला.

शनिवार, २० एप्रिल.

डबी विनीताने कचऱ्यात टाकली. परत काढली नाही. दोनदा जाऊन बघून आलो फक्त.

गॅरेजमधला प्लग मोकळा झाला, म्हणून ट्रेडमिलला लावला. खुर्ची काढली. सुरू केली. चालत नाही. आन्या म्हणाली, सेफ्टीची किल्ली लागते, ती सुट्या भागांच्या डब्यातच असेल, तो डबा तू कधी उघडलाच नाहीस. डबा शोधायला हवा. पुढच्या आठवड्यात.

रविवार, २१ एप्रिल. दुपारी.

दहाला वंदना. हॉलमध्ये बसलो, विनीताच्या शेजारी, पूर्ण कपड्यांत. कॅमेरा चालू. काकू त्यांच्या घरून आल्या, चित्र लख्ख.

मोठ्या ताई आता उशीला टेकून बसतात. त्यांनी पडद्यावर मला शोधलं. सगळ्यांदेखत विचारलं, भाऊ, स्कोअर काय झाला?

मला माहीत नव्हता. तसं सांगावं लागलं.

मग त्यांनीच सांगितला. त्यांच्या खोलीतला टीव्ही चालू होता.